ख्रिस्तपुराण ते सुबोध बायबल : धर्मग्रंथ टिकतो कसा?

वाचकहो, प्रत्येक धर्माचा आपल्या ग्रंथाविषयी एक दावा असतो, की हा शब्द नाश पावणारा नाही. वेदांना अपौरुषेय म्हटले जाते. आम्ही जैन जिनवाणीला अनादी मानतो. ख्रिस्ती श्रद्धाही हेच सांगते. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात गवत आणि फूल यांच्या क्षणभंगुरतेशेजारी देवाचे वचन ठेवले आहे, ते याच अर्थाने. हा श्रद्धेचा प्रांत आहे आणि त्यात वाद घालण्याचा माझा विचार नाही. पण श्रद्धेचा प्रांत संपतो तिथे इतिहासाचा एक साधा प्रश्न सुरू होतो. शब्द शाश्वत असेल, पण कागद शाश्वत नाही. त्याला वाळवी लागते, ताडपत्र ठिसूळ होते, भाषा जुनी होते, राजे फर्माने काढतात. तरीही काही ग्रंथ दोन-दोन हजार वर्षे टिकतात. ते कोणाच्या हातून टिकतात?

मी निसरपुरचा, त्यामुळे हा प्रश्न मला पुस्तकी वाटत नाही. २०१९च्या सप्टेंबरात सरदार सरोवर पहिल्यांदाच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले आणि धार जिल्ह्यातले आमचे जुने निसरपुर पाण्याखाली गेले. नेता येईल ते लोकांनी नेले. विटा नेता येतात, विहीर नेता येत नाही. पोथी नेता येते, पण ती ऐकायला संध्याकाळी ओट्यावर जमणारा शेजार गाठोड्यात बांधता येत नाही. ग्रंथ टिकणे म्हणजे नेमके काय टिकणे, हा विचार तेव्हापासून माझ्या मागे लागला. त्याचे सर्वांत स्पष्ट उत्तर मला मराठीतल्या ख्रिस्ती ग्रंथांच्या चारशे वर्षांच्या इतिहासात सापडले. मी ख्रिस्ती नाही. कदाचित म्हणूनच त्या इतिहासाकडे शेजाऱ्याच्या अंगणाकडे पाहावे तसे, थोडे लांबून आणि कुतूहलाने पाहता आले.

प्रथम या ग्रंथाचे एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावे लागेल. वेद टिकवणाऱ्यांनी ध्वनी टिकवला. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी एकेक स्वर बांधून ठेवला आणि अर्थ कळो वा न कळो, उच्चार बदलू दिला नाही. ख्रिस्ती ग्रंथाची वाट पहिल्यापासून वेगळी होती. येशू बोलला ती भाषा अरामी, पण त्याचे बोलणे सांगणारी चारही शुभवर्तमाने आपल्यापर्यंत ग्रीकमध्ये आली आहेत. म्हणजे गुरूचे शब्द शिष्यांच्या ग्रंथात उतरले तेव्हाच त्यांचे भाषांतर झालेले होते. त्याआधीच यहुद्यांचे हिब्रू धर्मशास्त्र ग्रीकमध्ये गेले होते आणि आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्या बहुतांशी तेच वाचत. भाषांतर हा या ग्रंथाचा उत्तरकालीन अवतार नव्हे, तो त्याचा जन्मस्वभाव आहे.

या ग्रंथाला जपण्याची किंमतही लवकरच मोजावी लागली. इसवी सन ३०३ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती ग्रंथ जाळण्याचे फर्मान काढले. शिपाई दारात आले तेव्हा काही जणांनी ग्रंथ दिले, काहींनी नाकारले आणि प्राण गमावले. ज्यांनी दिले त्यांना लॅटिनमध्ये 'त्रादितोरेस', म्हणजे हवाली करणारे, असे नाव पडले. छळ थांबल्यावरही हा डाग पुसला गेला नाही. ग्रंथ हवाली करणाऱ्या धर्मगुरूने दिलेले संस्कार ग्राह्य मानावेत का, या वादातून उत्तर आफ्रिकेतल्या ख्रिस्ती समाजात मोठी फूट पडली. एवढे सगळे घडून गेल्यानंतर, ३६७ मध्ये, अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसने आपल्या पत्रात नव्या करारातल्या २७ पुस्तकांची यादी दिली. आजही हीच यादी चालते. यादी पक्की होण्याआधी लोकांनी तिच्यातल्या पुस्तकांसाठी जीव दिले होते, हा क्रम मला फार बोलका वाटतो.

आता आपल्या मराठीकडे वळू. इंग्लंडात १५४९च्या सुमारास जन्मलेला थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पाद्री १५७९च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच प्रदेशात राहिला. तो काळ कोवळा नव्हता. पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती, मराठी पोथ्या हिसकावल्या आणि जाळल्या होत्या. हे विसरून स्टीफन्सचे कौतुक करणे योग्य होणार नाही. पण त्याच्या ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग आहे. साष्टीतला एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला तसे काही का देत नाही? ज्यांच्या हातची पोथी गेली होती त्यांची ती मागणी होती. तिला उत्तर म्हणून स्टीफन्सने सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा त्याने आपल्या संतकवींच्या ओवीत सांगितली. स्वर्गाला तो सरळ वैकुंठ म्हणतो. हा ग्रंथ १६१६ मध्ये राचोल येथे छापला गेला, तोही रोमन लिपीत. देशी अक्षरांचे खिळे पाडण्याची स्टीफन्सला इच्छा होती, पण शेकडो जोडाक्षरांचे साचे तयार करणे त्या छापखान्याच्या आवाक्यातले नव्हते.

१६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. मग २७ जून १६८४ रोजी गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला, की तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून सर्वांनी पोर्तुगीज बोलावे. भाषेवरच गदा आली, तेव्हा त्या भाषेतल्या ग्रंथाचे काय होणार? आज त्या तीनही छापील आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. छापखान्याने जे दिले ते सगळे गेले.

आणि तरीही ग्रंथ उरला, कारण तो घराघरांत हाताने उतरवला जात होता. गोव्यातून दक्षिणेला कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो बरोबर नेला. ही माणसे घरी कोकणी बोलत, भोवती कानडी आणि तुळू होती, पण उपवासकाळात मराठी ओव्या म्हटल्या जात. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने या समाजाला बंदी करून श्रीरंगपट्टणला नेले आणि १७९९ पर्यंत ते कैदेत राहिले. त्या कैदेत याच पुराणाने आधार दिला, अशी आठवण मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत सांगितली जाते. अखेर १९०७ मध्ये मंगळूरच्या जोसेफ साल्डाना यांनी अशी हस्तलिखिते ताडून ग्रंथ पुन्हा छापला. पुढे लंडनच्या एका संग्रहात देवनागरीतली जुनी प्रतही सापडली, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली. पहिल्या छपाईनंतर ३४० वर्षांनी मराठी वाचकाला हा मराठी ग्रंथ आपल्या लिपीत छापील मिळाला.

इथे इतिहासाचा एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. मंगळूरपासून सुमारे ३५ किलोमीटरवर मूडबिद्री आहे. आम्हां जैनांचा, विशेषतः दिगंबर परंपरेचा, सर्वांत पूज्य आगम 'षट्खंडागम' याच गावी टिकला. परंपरा अशी, की ज्ञान लोप पावत चालले हे पाहून गिरनारच्या गुहेत राहणाऱ्या वृद्ध धरसेनाचार्यांनी दोन तरुण मुनींना बोलावून घेतले आणि आपल्या मुखी होते ते त्यांना दिले. त्या दोघांनी, पुष्पदंत आणि भूतबली यांनी, ते लिहून काढले. ज्येष्ठ शुद्ध पंचमीची श्रुतपंचमी याच घटनेची. या ग्रंथाच्या आणि त्यावरील वीरसेनांच्या 'धवला' टीकेच्या जुन्या कानडी लिपीतल्या ताडपत्री प्रती मूडबिद्रीला शतकानुशतके जपल्या गेल्या. पण त्या दर्शनासाठी होत्या. यात्रेकरू येत, हात जोडत, जात. वाचणारे जवळजवळ कोणी नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नकला करण्याचे काम सुरू झाले आणि १९३९ पासून डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून हा ग्रंथ छापायला घेतला. सोळा खंड पूर्ण व्हायला सुमारे वीस वर्षे लागली.

एकाच मुलखात दोन धर्मांचे दोन ग्रंथ राहिले. एकाची भाषा मराठी आणि लिपी रोमन, दुसऱ्याची भाषा प्राकृत आणि लिपी कानडी. एक गरीब घरांच्या फडताळात होता, दुसरा मठाच्या कुलुपात. दोन्ही टिकले. पण पहिला वाचला जात होता आणि दुसरा पूजला जात होता. माझ्या परंपरेविषयी अनादर नसताना मला हे म्हणावेसे वाटते, की टिकणे आणि जगणे यांत फरक आहे. माझ्या व्यवसायातलेही उदाहरण असेच आहे. हानेमान यांनी 'ऑर्गेनॉन'ची सहावी आवृत्ती १८४२ मध्ये लिहून पूर्ण केली. ती छापली गेली १९२१ मध्ये. मधल्या जवळजवळ ऐंशी वर्षांत हस्तलिखित सुरक्षित होते, पण त्यातल्या सूचनेचा एकाही रुग्णाला उपयोग झाला नाही.

ख्रिस्ती ग्रंथाने मराठीत पुढची वाट धरली ती जगण्याची. विल्यम कॅरीने नागपूरकडच्या पंडित वैजनाथ शर्मा यांच्या मदतीने बंगालातल्या श्रीरामपूरहून १८११ मध्ये नवा करार मराठीत आणला. ती मराठी इथल्या कानाला परकी वाटे. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनच्या गॉर्डन हॉलने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नवा करार १८२६ मध्ये पूर्ण छापून झाला. त्याच वर्षाच्या मार्च महिन्यात नाशिककडे दौऱ्यावर असताना हॉल पटकीने वारला. मग आपल्याच मातीतली माणसे या कामात आली. बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी आपल्याला 'यमुनापर्यटन'मुळे ठाऊक आहेत, पण शास्त्रावरील टीका आणि भाषांतराची दुरुस्ती यांत त्यांची किती वर्षे गेली, हे फारसे कोणी सांगत नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळची वाटते ती पंडिता रमाबाईंची कामगिरी. संस्कृत विद्येसाठी कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवलेली ही स्त्री. तिने ठरवले असते तर बायबल अशा मराठीत लिहिले असते, की शास्त्र्यांनी माना डोलवाव्यात. पण केडगावच्या मुक्तिसदनात तिच्यासमोर दुष्काळातून आलेल्या, नुकत्याच अक्षर ओळखू लागलेल्या बायका होत्या. प्रचलित भाषांतर त्यांना समजत नव्हते. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. छपाईचे कामही सदनातल्या स्त्रियांनीच केले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या, आणि ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आपली विद्वत्ता दिसू नये यासाठी वापरलेली विद्वत्ता, असे या ग्रंथाचे वर्णन करता येईल.

एवढ्यावर काम संपले, असेही झाले नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी एकविसाव्या शतकातल्या वाचकासाठी 'सुबोध बायबल' लिहिले. ते २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. स्टीफन्सपासून दिब्रिटोंपर्यंत चारशे वर्षे होतात आणि त्या काळात पुन्हा पुन्हा कोणीतरी तोच ग्रंथ नव्याने लिहायला बसलेला दिसतो.

कोणी म्हणेल, इतक्या वेळा बदलले ते मूळ राहिलेच कुठे? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर मृत समुद्राकाठच्या गुहांत मिळाले. १९४७ मध्ये कुमरान येथे यशयाच्या ग्रंथाची चामड्यावरची गुंडाळी सापडली. तोवर ठाऊक असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा ती सुमारे हजार वर्षांनी जुनी होती. ताडून पाहिले तेव्हा शुद्धलेखनाचे आणि शब्दांचे फरक पुष्कळ निघाले, पण ग्रंथ तोच होता. म्हणजे ही परंपरा दोन हातांनी काम करते. एका हाताने ती मूळ पाठ घट्ट धरून ठेवते. दुसऱ्या हाताने तोच पाठ नव्या भाषेत, नव्या घरात पोचवते. पहिला हात सुटला तर ग्रंथ भरकटतो. दुसरा सुटला तर तो कुलुपात जातो.

वाचकहो, हा इतिहास मी आपल्यासमोर मुद्दाम मांडतो आहे. धार आणि देवास इथली आपली मराठी घरे पवारांच्या काळापासूनची, म्हणजे अठराव्या शतकापासूनची. आपल्या मुलखातही ख्रिस्ती ग्रंथ आला. १८७७ पासून इंदूर-महू भागात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे काम सुरू झाले आणि १८९०च्या दशकात डॉ. मार्गारेट ओहारा धारला आल्या. पण त्या मंडळींनी इथे ग्रंथ वाचला तो मुख्यतः हिंदीत, कारण लोकांच्या तोंडी ती भाषा होती. आपल्या घरांचे नेमके उलटे झाले आहे. आपल्या देव्हाऱ्याजवळ ज्ञानेश्वरी आहे, दासबोध आहे, माझ्यासारख्या घरी मराठी अर्थ दिलेली शास्त्रे आहेत. ती लाल कापडात नीट बांधलेली आहेत आणि सणाला त्यांना गंधफूल वाहिले जाते. नातवंडे मात्र हिंदीत बोलतात. त्यांना देवनागरी वाचता येते, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण अक्षर लागले तरी ओवी लागत नाही, हे एखाद्या संध्याकाळी त्यांना चार ओळी वाचायला सांगितल्या तर लगेच कळते.

आपल्यावर कोणी १६८४चा हुकूम काढलेला नाही. डायोक्लेशियनचे शिपाई आपल्या दारी आलेले नाहीत. तरीही आपण पोथ्या हवाली करतो आहोत. फरक इतकाच की मागणारे कोणी नाही. मंगळूरकडच्या त्या कुटुंबांपाशी ना सत्ता होती, ना छापखाना, ना शाळा. रोजच्या व्यवहारात मराठीही नव्हती. त्यांनी इतकेच केले, की वर्षातले काही दिवस ओव्या मोठ्याने म्हटल्या आणि प्रत जीर्ण झाली की नवी उतरवली. तेवढ्यावर एक मोठा मराठी ग्रंथ वाचला.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे. घरात जो ग्रंथ असेल, ज्या धर्माचा असेल, तो आठवड्यातून एकदा कापडातून बाहेर काढावा आणि मुलांसमोर मोठ्याने वाचावा. अडलेल्या शब्दाचा अर्थ हिंदीत सांगावा लागला तरी संकोच करू नये. रमाबाई याहून वेगळे काय करत होत्या? मुलांनी प्रश्न विचारले तर अपमान मानू नये. साष्टीच्या त्या माणसाने विचारले, म्हणून ख्रिस्तपुराण झाले. निसरपुरच्या जुन्या वस्तीतल्या आमच्या विहिरीवर आज नर्मदेचे पाणी आहे आणि ती परत मिळणार नाही. पोथी आहे, आणि ती वाचणारे अजून आपल्यात आहेत.